विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडीतला ‘स्पोर्ट मोड’ नेमके काय करतो? घाटात तो का हवा, शहरात का नको?

ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत एक गोष्ट ठरलेली असते. गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ‘स्पोर्ट’ लिहिलेले बटण एकदा दाबून पाहिले जाते. इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, शेजारी बसलेले ‘काय झाले?’ म्हणून विचारतात आणि बटण बंद होते ते कायमचे. काही जणांची समजूत याच्या अगदी उलट असते. बटण दाबले की गाडीची ताकद वाढते, असे त्यांना वाटते आणि रिकामा रस्ता दिसला की ते सुरू होतात. या दोन टोकांच्या मध्ये बटणाचा खरा उपयोग हरवून जातो. तो शर्यतीचा नाहीच. दुपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना आणि घाट चढताना-उतरताना हे बटण कधी दाबायचे, हे ठाऊक असणे ही सोयीची नव्हे, सुरक्षेची बाब आहे.

बटण दाबल्यावर इंजिनाची ताकद वाढते का?

नाही. इंजिन तेच, त्याची कमाल शक्तीही तीच. पेट्रोल-डिझेल गाड्यांत ‘स्पोर्ट’ मोड मुख्यत: दोन गोष्टी बदलतो. पहिली गोष्ट एक्सलरेटरची. जुन्या गाड्यांत एक्सलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत वायर असे. पाय जितका दाबला तितकी झडप उघडे. आताच्या गाड्यांत ही वायर नाही. पेडलखालचा सेन्सर पाय किती दाबला आहे ते संगणकाला कळवतो आणि झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. साध्या मोडमध्ये पेडल पाव दाबले तर झडप जितकी उघडेल, त्याहून ‘स्पोर्ट’मध्ये ती अधिक उघडते. म्हणून गाडी चटकन उसळल्यासारखी वाटते. पेडल तळापर्यंत दाबले, तर दोन्ही मोडमध्ये इंजिन सारखेच काम करते. मोजक्या टर्बो गाड्यांत काही सेकंदांपुरती जादा ताकद मिळण्याची सोय असते, पण तो अपवाद.

दुसरी गोष्ट गिअरची, आणि खरी मेख तिथेच आहे. कोणत्या वेगाला आणि पेडलच्या कोणत्या स्थितीत वरचा किंवा खालचा गिअर टाकायचा, याचा एक तक्ता गिअरबॉक्सच्या संगणकात असतो. ‘स्पोर्ट’मध्ये हा तक्ताच बदलतो. वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा गिअर लवकर पडतो आणि इंजिन जास्त आरपीएमवर फिरते ठेवले जाते. याशिवाय काही गाड्यांत स्टिअरिंग किंचित जड केले जाते. महागड्या गाड्यांत सस्पेन्शनही कडक होते. काही गाड्यांत मात्र ‘स्पोर्ट’चे बटण फक्त स्टिअरिंग आणि एक्सलरेटरपुरते असते, गिअरबॉक्सला ते हातही लावत नाही. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. हे पुस्तक बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलेच राहते, ही गोष्ट वेगळी.

ताकद तीच, मग फरक इतका का जाणवतो?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर. मध्यम आकाराच्या गाडीच्या चाकाचा परीघ साधारण १.९५ मीटर धरला, तर चाक मिनिटाला सुमारे ५१३ वेळा फिरते. आता समजा, गिअरबॉक्स सहाव्या गिअरमध्ये आहे आणि चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन २.८ फेरे घेते. म्हणजे इंजिन सुमारे १,४४० आरपीएमवर आहे. तीच गाडी त्याच वेगात तिसऱ्या गिअरला असेल आणि तिथे हे प्रमाण सहा असेल, तर इंजिन सुमारे ३,०८० आरपीएमवर असेल.

शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्यांची गती. दोन्ही वेळा इंजिन १०० न्यूटन-मीटर टॉर्क देऊ शकते असे मानले, तर १,४४० आरपीएमला त्याच्याकडून जेमतेम २० अश्वशक्ती मिळते. ३,०८० आरपीएमला ती ४४ च्या घरात जाते. गाडीच्या जाहिरातीत ८०-९० अश्वशक्ती लिहिलेली असली, तरी ती पाच-सहा हजार आरपीएमला मिळणारी असते. वरच्या गिअरमध्ये संथ फिरणाऱ्या इंजिनाच्या हाती त्या घडीला त्यातला छोटा हिस्साच असतो. ‘स्पोर्ट’ मोड नवी शक्ती आणत नाही. आहे ती हाताशी आणून ठेवतो.

टर्बो इंजिनात हा फरक आणखी ठळक होतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचा कमाल टॉर्क १,७५० आरपीएमपासून मिळतो. काटा त्याच्या खाली असताना एकदम पेडल दाबले, तर टर्बोला फिरायला क्षणभर लागतो आणि गाडी ‘श्वास घेते’ असे वाटते. ‘स्पोर्ट’मध्ये काटा सहसा या सीमेच्या वरच राहतो.

‘डी’मध्ये गाडी आळशी का ठेवतात?

कारण कागदावरचे अ‍ॅव्हरेज. भारतात गाडीच्या इंधनक्षमतेचा अधिकृत आकडा पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या चाचणी संस्थांमध्ये ठरावीक चक्रावर गाडी रोलरवर चालवून काढला जातो. या चक्रात वेग हळूहळू वाढतो आणि ताशी ९० किलोमीटरच्या पलीकडे जातच नाही. त्यात ना खंडाळ्याचा चढ आहे ना ट्रकच्या मागे अडकणे. शिवाय कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारे ‘कॅफे’ निकष २०१७-१८ पासून लागू आहेत आणि २०२२-२३ पासून ते अधिक कडक झाले. साहजिकच प्रत्येक कंपनी ‘डी’चा तक्ता असा आखते, की गाडी शक्य तितक्या लवकर वरच्या गिअरमध्ये जावी आणि इंजिन शक्य तितके संथ फिरावे.

रोजच्या वापरासाठी हे वाईट नाही. सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला ४४ अश्वशक्ती लागतेच कुठे? पण ‘डी’ ही एक तडजोड आहे, आणि ती इंधनाच्या बाजूला झुकलेली आहे, हे चालकाला ठाऊक असायला हवे.

हे बटण आजचे नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांपासून सुरू केले, तेव्हा गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाब आणि झडपा ठरवत. चालकाला मत नव्हते. १९८० च्या दशकात गिअरबॉक्सला संगणक आला आणि टोयोटा, बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्यांच्या गाड्यांत ‘पॉवर’ किंवा ‘एस’ अशी बटणे दिसू लागली. एकाच यंत्राला दोन स्वभाव देणे तेव्हापासून शक्य झाले.

ओव्हरटेक करताना नेमका काय फायदा?

कोकणात किंवा मराठवाड्यात दुपदरी रस्त्यावर ऊस किंवा वाळू भरलेल्या वाहनामागे गाडी अडकली आहे, वेग ताशी ६०. समोर मोकळी जागा दिसते. चालक ‘डी’मध्येच पेडल दाबतो. संगणक आधी खात्री करतो की पाय खरोखर दाबला आहे, मग दोन-तीन गिअर खाली येतो, मग इंजिनाचे फेरे वाढतात आणि मग गाडी पुढे झेपावते. गाडीनुसार यात अर्धा सेकंद ते दीड सेकंद सहज जातो. ताशी ६० च्या वेगाने एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर जाते. समोरून येणारे वाहनही त्याच वेगात असेल, तर दोघांमधले अंतर त्या एका सेकंदात ३३ मीटरने घटते. उजव्या बाजूला निघालेल्या चालकाला गाडीने साथ न दिल्याचा तो एक सेकंद फार मोठा वाटतो. घाबरून तो मध्येच पेडल सोडतो आणि गिअरबॉक्स पुन्हा वरचा गिअर टाकतो. अर्धवट ओव्हरटेकची सुरुवात अनेकदा अशी होते.

म्हणून ‘स्पोर्ट’ दाबायचा तो ट्रकच्या मागे असतानाच, उजवीकडे निघाल्यावर नव्हे. गिअर आधीच खाली येतो, काटा वर जातो आणि पेडल दाबताक्षणी गाडी निघते. ओलांडून झाले की पुन्हा ‘डी’. हे चालत्या गाडीत करता येते. त्यासाठी थांबावे लागत नाही. मात्र दांड्यावरच ‘एस’ असलेल्या गाडीत हाताला सवय होईपर्यंत रिकाम्या रस्त्यावर सराव करावा, नाही तर घाईत दांडा न्यूट्रलला जातो. आणि हेही खरे, की समोर पुरेशी जागा नसेल तर कोणताही मोड ती तयार करत नाही.

प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये ‘स्पोर्ट’ सारखाच चालतो का?

इथे ग्राहकांची सर्वात जास्त गफलत होते, कारण शोरूममध्ये सगळ्यांनाच ‘ऑटोमॅटिक’ म्हटले जाते.

देशात स्वस्त ऑटोमॅटिकचे पर्व २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओने सुरू केले. ते तंत्र ‘एएमटी’. म्हणजे आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. टाटाच्या टियागो, नेक्सॉनसारख्या गाड्यांच्या एएमटीमध्ये ‘स्पोर्ट’ मोड आहे. तो गिअर जास्त वेळ धरून ठेवतो, पण गिअर बदलताना क्लच सुटण्याचा जो झोल जाणवतो, तो ‘स्पोर्ट’मध्ये नाहीसा होत नाही, उलट जोरात पेडल दाबलेले असेल तर जास्त बोचतो. एएमटी चालवणाऱ्याने ओव्हरटेकसाठी ‘प्लस-मायनस’चा मॅन्युअल मोड वापरून गिअर आधीच खाली घेणे अधिक भरवशाचे.

‘सीव्हीटी’त ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींमधला पट्टा वर-खाली सरकत प्रमाण सतत बदलत राहतो. हे तंत्र मोटारीत मोठ्या प्रमाणावर आणले ते नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने, १९५८ मध्ये. आपल्याकडे होंडाच्या सीव्हीटी गाड्यांमुळे ते ओळखीचे झाले. त्यांत ‘एस’ला दांडा नेला की पट्टा असे प्रमाण धरतो की इंजिन वरच्या आरपीएमवर फिरत राहते. आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो, ही सीव्हीटीबद्दलची नेहमीची तक्रार ‘एस’मध्ये थोडी कमी होते, कारण इंजिन आधीच तयार असते. आवाज मात्र कानाला लागतो.

टॉर्क कन्व्हर्टर हे जुने, दणकट तंत्र. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेला पंखा असतो. ब्रेझा, स्कॉर्पिओ-एन अशा गाड्यांत ते आहे. महिंद्राने डिझेल गाड्यांच्या मोडना ‘झिप, झॅप, झूम’ अशी नावे दिली आहेत. त्यातला ‘झूम’ म्हणजे इतरांचा ‘स्पोर्ट’. या प्रकारात मोड बदलल्याचा फरक सर्वात सुरळीतपणे जाणवतो.

उरला ‘डीसीटी’. दोन क्लच, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार. फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फमध्ये तो आणला. या गाड्यांत दांडा ‘डी’वरून मागे ओढला की ‘एस’, आणि फरक क्षणात कळतो. ओव्हरटेकसाठी हा सर्वात चपळ. पण मुंबई-ठाण्याच्या वाहतूककोंडीत गोगलगायीच्या गतीने सरकताना याचा कोरडा क्लच घासून तापतो. अशा वेळी ‘स्पोर्ट’ चालू ठेवणे म्हणजे पहिल्या गिअरमध्ये धक्के खात जाणे. तिथे तो नकोच.

घाट चढताना गाडी सारखी गिअर का बदलते?

चढावर ‘डी’मध्ये गाडी चौथ्या गिअरला जाते, दम लागतो म्हणून तिसऱ्याला येते, वेग मिळाला की संगणक पुन्हा चौथा टाकतो आणि वळणावर पुन्हा तिसरा. आंबोलीचा किंवा माळशेजचा घाट चढताना मागे बसलेल्यांना गाडी लागते, त्यात वळणांइतकाच या डुलकीचाही हात असतो. ‘स्पोर्ट’मध्ये वरचा गिअर टाकण्याची सीमा आणि खालचा टाकण्याची सीमा यांत जास्त अंतर ठेवलेले असते. त्यामुळे गाडी तिसरा धरून शांतपणे चढते. अनेक नव्या गाड्यांत चढ ओळखून ‘डी’ही हे स्वत: करतो, पण सगळ्यांत नाही.

चढावर आणखी एक चूक सर्रास दिसते. वाहनांच्या रांगेत उभे असताना ब्रेकऐवजी एक्सलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी रोखून धरायची. एएमटी आणि डीसीटीत ही ‘हाफ क्लच’चीच सवय आहे, क्लच जळतो. मोड कोणताही असो, थांबल्यावर पाय ब्रेकवर हवा.

उतरताना ‘स्पोर्ट’ कशासाठी? तिथे तर वेग नको असतो!

या बटणाचे नाव सर्वात जास्त फसवते ते इथे. कंपन्यांनी त्याला ‘घाट मोड’ म्हटले असते, तर महाराष्ट्रात त्याचा दसपट वापर झाला असता.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी साधारण ४० किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून अधिक खाली येते. माणसे आणि सामानासह गाडीचे वजन दीड टन धरले, तर या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते ती जवळपास पाच युनिट विजेइतकी. तेवढ्या उष्णतेत पन्नास लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. यातला बराच वाटा टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध खातो. उरलेली ऊर्जा कुठे तरी जिरवावीच लागते, आणि तीव्र उताराच्या तुकड्यांत तर ती एकदम येते. जिरवायला जागा दोनच : ब्रेक किंवा इंजिन.

‘डी’मध्ये पाय एक्सलरेटरवरून काढला की संगणकाला वाटते, चालकाला आता ताकद नको, इंधन वाचवू या. तो वरचा गिअर टाकतो. इंजिन संथ फिरते आणि त्याची गाडीवरची पकड जाते. उतारावर वेग वाढत जातो, मग सगळा भार ब्रेकवर. चालक ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरतो. पॅड तापतात. ठरावीक तापमानानंतर त्यांची पकड कमी होऊ लागते, म्हणजे तितकाच पाय दाबूनही गाडी कमी थांबते. यापुढची पायरी अधिक धोक्याची. ब्रेकमधले द्रव, ज्याला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात, ते हवेतला ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा मुरल्यावरच्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १४० अंशांची आहे. ‘डॉट ४’साठी हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि ब्रेक लागत नाहीत. बोरघाटात ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. मोटार हलकी असल्याने तिच्यावर ही वेळ उशिरा येते, एवढाच फरक.

‘स्पोर्ट’मध्ये पाय काढला तरी गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो. चाके इंजिनाला फिरवतात. सिलिंडरमध्ये हवा खेचण्या-दाबण्यात आणि घर्षणात ऊर्जा जाते आणि ती उष्णता ब्रेकमध्ये न साठता रेडिएटर व सायलेन्सरवाटे बाहेर पडते. इंजिन ओरडते, ते याचमुळे. तीन-साडेतीन हजार आरपीएमचा आवाज ऐकून अनेकांना इंजिन खराब होईल असे वाटते. लाल रेषा त्याहून बरीच वर असते, आणि ती ओलांडली जाईल असा गिअर संगणक टाकूच देत नाही.

मात्र ‘स्पोर्ट’ हा उतारावरचा सर्वात मोठा उपाय नाही, पहिला उपाय आहे. हलक्या-मध्यम उताराला तो पुरतो. वेग तरीही वाढत असेल, तर मॅन्युअल मोडने किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने तिसरा, तीव्र वळणांवर दुसरा गिअर स्वत: निवडावा. दांड्यावर ‘एल’ असलेल्या गाड्यांत तो त्यासाठीच असतो. घाटातले जुने ट्रकचालक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्येही हा नियम लागू आहे. गिअरचा आकडा समोरच्या मीटरमध्ये दिसतो. इंजिनाने वेग रोखला की ब्रेक अधूनमधून, पण ठामपणे मारायचे आणि पूर्ण सोडायचे, म्हणजे त्यांना थंड व्हायला उसंत मिळते. जळका वास आला किंवा पेडल नरम लागले, तर सुरक्षित जागी थांबावे, दांडा ‘पी’ला न्यावा, चाकाखाली दगड लावावा आणि अर्धा तास वाट पाहावी. तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नये. त्या वाकतात किंवा तडकतात.

न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचते, हा समज तर पुरता खोटा आहे. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना पाय काढला की सिलिंडरमध्ये इंधन सोडणेच बंद करते, कारण चाके त्याला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये ते चाकांपासून सुटे होते आणि स्वत: चालू राहण्यासाठी इंधन जाळते. म्हणजे खर्च जास्त आणि इंजिनाची पकड शून्य.

अ‍ॅव्हरेज किती पडते? गिअरबॉक्स खराब होतो का?

चढ-उतारावर आणि ओव्हरटेकपुरता वापर केला, तर महिन्याच्या खर्चात फरक कळणारही नाही. दिवसभर चालू ठेवला तर कळेल. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १३ वर आली असे धरले, तर हजार किलोमीटरला सुमारे दहा लिटर पेट्रोल जास्त जाते. शंभरीपार दराने हे हजार रुपयांहून अधिक होतात.

गिअरबॉक्सला ‘स्पोर्ट’ने अपाय होत नाही, कंपनीने तो त्यासाठीच बनवला आहे. इंजिन नुकतेच सुरू झालेले, थंड असताना मात्र लगेच वरच्या आरपीएमला नेऊ नये. तेल गरम होऊन सगळीकडे पोहोचायला काही मिनिटे द्यावीत.

पावसाळ्यात काय?

इथे नियम उलटा होतो. ओल्या रस्त्यावर, त्यातही पहिल्या सरींनंतर तेल-धूळ वर आलेल्या किंवा तांबडी माती वाहून आलेल्या वळणांवर, तीक्ष्ण एक्सलरेटर घातक. पाय जरासा जास्त पडला की चाक फिरते पण गाडी सरकते. अचानक पडलेला खालचा गिअरही पुढच्या चाकांना झटका देऊन पकड सोडवू शकतो. म्हणून पावसात ओव्हरटेकसाठी ‘स्पोर्ट’ नको. घाट उतरायचा असेल, तर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर वेग कमी करून मॅन्युअल मोडने एकेक गिअर खाली घ्यावा आणि वळणात तो बदलू नये. काही गाड्यांत ओल्या किंवा निसरड्या रस्त्यासाठी वेगळा मोड असतो; तो एक्सलरेटर मुद्दाम बोथट करतो.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतला ‘स्पोर्ट’ वेगळा आहे का?

हो. इलेक्ट्रिक गाडीला बहुधा एकच गिअर असतो, त्यामुळे तक्ता बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे ‘स्पोर्ट’ एक्सलरेटर तीक्ष्ण करतो, आणि काही गाड्यांत इको किंवा साध्या मोडमध्ये मोटरच्या ताकदीवर घातलेली मर्यादा खरोखरच उठवतो. म्हणजे ‘ताकद वाढते’ हा समज इथे काही अंशी खरा ठरतो. उतारावर मात्र या बटणाचा उपयोग नाही. तिथे काम करते ते रिजनरेशन, म्हणजे चाकांच्या जोरावर मोटरने वीज बनवून बॅटरीत परत टाकणे. त्याच्या पातळ्या वेगळ्या बटणाने किंवा पॅडलने निवडायच्या असतात. हायब्रिड गाड्यांत त्यासाठी दांड्यावर अनेकदा ‘बी’ दिलेला असतो.

यात एक खोच आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि रिजनरेशन जवळपास बंद पडते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून सकाळी घाट उतरणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला पहिल्या काही किलोमीटरमध्ये सगळे काम ब्रेकवरच करावे लागते. अशा वेळी चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवावे. पोलादपूरला पोहोचेपर्यंत उतारच त्यात भर घालू शकतो.